मंगळवारच्या चार नळ्या

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास मी आमच्या प्रयोगशाळेच्या पहिल्या खोलीत माझा फोन आणायला परत गेले. आत मी दोन मिनिटांहून कमी वेळ होते. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मावशीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? फोनच तर आणायला गेलीस. मीही स्वतःला ही तीन वर्षं हेच म्हणत आले. एमएस्सी झाल्यावर दीड वर्ष मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लिहिल्या. काय झालं, कधी, कुठे, कोणी — हे पहिल्या दोन ओळींत आलंच पाहिजे, ही शिस्त तिथे अंगात भिनते. या प्रकरणातलं काय, कधी, कुठे मी वर लिहिलं आहे. ‘कोणी’ला अजून थोडा वेळ आहे. आधी रजनीताईबद्दल सांगते. तिच्याशिवाय हे कळणार नाही.

रजनीताई माझी मावसबहीण. आमच्या आया सख्ख्या बहिणी, माहेर समुद्रपूरचं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी नाचणगावची, सुट्टीत समुद्रपूरला जायचे तेव्हा बसमधून उतरल्यावर माझी पिशवी तिच्या खांद्यावर जायची आणि परतीच्या दिवसापर्यंत ती मला पुन्हा उचलावी लागत नसे. पुढे ती वर्ध्याला एका वैद्यकीय संशोधन विभागात तंत्रज्ञ म्हणून लागली. दर वर्षी नव्याने होणाऱ्या करारावर.

बातमीदारी मी तिच्यामुळे सोडली. एका सकाळी तिचा फोन आला.

“मीनू, आमच्या मॅडमले सायन्स शिकलेली पोट्टी पाहिजे. तू तिकडं लोकाइच्या भांडणाच्या बातम्या लिहून राह्यली. त्यापेक्षा इकडं ये. उद्याच येजो. अन् तो चुरगळलेला ड्रेस नको घालून येऊ, मॅडम पाह्यतात.”

मी इस्त्री करून गेले. प्रकल्प सहायक म्हणून मला घेतलं. राहायला पिपरी मेघेत ताईच्याच घरी — ती, एसटीच्या कार्यशाळेत काम करणारे भाऊजी, सातवीतली मुलगी, आणि मी. पहिल्या उन्हाळ्यात कुलर असलेली समोरची खोली मला दिली आणि ते तिघं मागच्या खोलीत झोपले. मी नाही म्हणाले, तर ताई म्हणाली, “तुले वाचा लागते. आमाले घोरा लागते. घोरायले कुलर नाई लागत.”

रोज सकाळी ती दोन डबे भरायची. माझ्या डब्यात लिंबाचं लोणचं नसे, कारण मला आवडत नाही. पातोडीचा रस्सा केला तर माझ्याकडे पातोड्या जास्त आणि तिच्याकडे रस्सा जास्त. मला हे कळायला दोन महिने लागले. कळल्यावर मी डबे गुपचूप बदलले, आणि त्या दिवशी तिने माझ्याशी दुपारभर अबोला धरला.

आता काम. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या गाठींचा आम्ही अभ्यास करत होतो. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांची वाण नाही, त्यामुळे रुग्णांचीही नाही. पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारे बारीक घटक असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. एकाच माणसाचं रक्त आणि त्याची गाठ घ्यायची, दोन्हींमधला हा डीएनए वाचायचा, आणि गाठीत काय बदललं ते पाहायचं. रक्तात नाही पण गाठीत आहे, असा बदल सापडला तर तो कॅन्सरबरोबर आलेला. एवढंच काम. पण फार निसरडं. कारण आपल्याही अंगातून पेशी सारख्या गळत असतात. त्वचेतून, थुंकीतून. काम करणाऱ्याचा एक अदृश्य कण रुग्णाच्या नळीत पडला, तर गाठीत ‘बदल’ दिसतो. आणि तो बदल म्हणजे कॅन्सर नसतो, आपण असतो.

म्हणून विभागात एक रिवाज होता. नव्या माणसाच्या गालाच्या आतून पहिल्याच दिवशी कापूस फिरवायचा, त्याचा स्वतःचा डीएनए वाचायचा आणि यादीत ठेवायचा. नळीत काही संशयास्पद दिसलं की आधी ती यादी उघडायची. “चोर बहुतेक वेळा घरातला असतो,” मॅडम म्हणायच्या.

माझा निकाल आला तेव्हा तो ताईच्या निकालाशी अक्षर न् अक्षर जुळला. जुळणारच. आमच्या आया बहिणी. दोघींकडे तो समुद्रपूरच्या आजीकडून आला. ताईला त्याचं फार कौतुक वाटलं. चहाच्या वेळी सगळ्यांना तिने सांगितलं, “बापाकडून मले नाक आलं, हिले राग आला. हे मात्र दोघीइत बी आजीचंच हाय. वाटणी नाई, भांडण नाई.”

दुसरा रिवाज खोल्यांचा. पहिली खोली स्वच्छ — तिथे नमुन्यातून डीएनए काढायचा. दुसऱ्या खोलीत यंत्रावर त्याच्या कोट्यवधी प्रती करायच्या. सकाळी पहिलीतून दुसरीत जायचं. दुसरीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी पहिलीत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांतच. फोन आत न्यायचा नाही. जाताना दारावरच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची. हे सगळं मला शिकवलं ताईने, आणि शिकवता शिकवता हसली. “ज्या सोवळ्यापायी आपल्या आजीले लोकाइनं दाराबाहेर उभं ठेवलं, ते सोवळं आता सरकारी पगारावर मी पाळून राह्यली. आजी असती तं हसून मेली असती.” पण पाळायची. सहा वर्षांत तिची एक नळी खराब झाली नव्हती.

त्या फेब्रुवारीत विभागात संशोधन सहयोगीची जागा निघाली. तीन वर्षांची, आणि त्यातून पुढे पीएच.डी.ची वाट. मला ती हवी होती. किती हवी होती, हे सांगून उपयोग नाही; तुम्हालाही कधीतरी काहीतरी तेवढं हवं झालं असेल.

मुलाखतीत दाखवायला एक नीटस आलेख हवा, म्हणून त्या मंगळवारी मी दुसऱ्या खोलीत माझ्या स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढत होते. मॅडमना न विचारता. यंत्राच्या वहीत नोंद न करता. सकाळी पहिल्या खोलीत थोडं काम होतं तेव्हा मी फोनही आत नेला होता, कारण मुलाखतीची तारीख फोनवर कळणार होती. तो तिथेच राहिला.

दुपारी तो वाजताना भिंतीपलीकडून ऐकू आला. ताई जेवायला गेली होती. मी गेले. वहीत नाव लिहिलं नाही. हातात दुसऱ्या खोलीतले मोजे तसेच होते.

काचेच्या पेटीत ताईने चार नळ्या वाळायला उघड्या ठेवल्या होत्या. तशाच ठेवायच्या असतात. त्या वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून त्या वेळात माणूस जेवून येतो. त्यातली एक नळी कलली होती. मला वाटलं, आडवी होईल, ताईची मेहनत जाईल. पेटीत हात घालून मी ती सरळ केली. सरळ करताना शेजारच्या तिघींच्या तोंडाला बोटं लागली.

फोन तोवर थांबला होता. मी तो घेतला आणि बाहेर आले.

एवढं झालं. हा कबुलीजबाब इथे संपला असता तर मी तो लिहायलाच बसले नसते. चूक कुणाच्याही हातून होते — हे वाक्य पुढे एकदा येईल, तेव्हा ते कोण कुणाला म्हणतंय तेवढं पाहा.

मार्चच्या अखेरीस, एका शुक्रवारी, त्या चार नमुन्यांचे निकाल पडद्यावर आले. चारही गाठींत, रक्तात नसलेले सात बदल. चौघांतही तेच सात. मॅडम खुर्चीतून उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं उठलेलं मी पाहिलं नव्हतं. “मीनल, हे बघ,” त्या म्हणाल्या, “चार वेगळी माणसं, चार वेगळी गावं, आणि तोच बदल!”

मी पाहिलं. स्वतःच्या डीएनएची ओळखीची ठिकाणं मला तोंडपाठ होती, जसा आपला फोन नंबर असतो. पडद्यावर माझाच नंबर होता. चार वेळा.

ओळखायला किती वेळ लागला? अजिबात नाही. मग मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “छान आहे, मॅडम.”

पुढच्या मंगळवारी मुलाखत झाली. त्या चार नमुन्यांवर मी सात मिनिटं बोलले. समितीतल्या एका सरांनी विचारलं, चौघांतही सारखाच बदल कसा? मी म्हणाले, “तेच शोधायचं आहे, सर. त्यासाठीच ही जागा हवी आहे.” सगळे हसले. कौतुकाने. आठवड्याभरात निवडयादी लागली आणि त्या संध्याकाळी ताईने घरी श्रीखंड केलं, अख्ख्या गल्लीत वाट्या पाठवल्या. “माह्यावाली बहीण सायंटिस झाली,” असं ती शेजारच्या काकूंना सांगत होती. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते.

एप्रिलच्या मध्यावर मॅडमनी यादी उघडली. त्या उघडणारच होत्या. इतका सुंदर निकाल त्यांनी न तपासता कधीच सोडला नसता. सात बदल दोन नावांशी जुळले. ताईच्या आणि माझ्या. दोघींना खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “तुम्ही दोघी बहिणी-बहिणींच्या मुली. मायटोकॉन्ड्रिया मला यापुढे काही सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

मी म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी मी दुसऱ्या खोलीत होते.”

हे वाक्य खरं आहे. बातमीत छापता येईल, दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागणार नाही, इतकं खरं. दारावरच्या वहीतही त्या दुपारी एकाच माणसाचं नाव होतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही. तिच्या डोळ्यांत संशय असता तर कदाचित — पण ते राहू द्या. ती मला शोधत नव्हती, स्वतःला शोधत होती. मग म्हणाली, “मी डबा खायले गेल्ती मॅडम, नळ्या उघड्या ठेवून. घाईत मास्क खाली राह्यला असन. माह्याच हातून झालं असन.”

मॅडमनी घटनेची नोंद लिहिली. ताईने सही केली. साक्षीदाराच्या जागी दुसरी सही माझी आहे.

त्या चौघांपैकी तिघांच्या गाठीचा तुकडा शिल्लक होता. पुन्हा काम केलं. काहीही बदल नव्हता. चौथे सिंदी रेल्वे या गावाकडचे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ. त्यांचा तुकडा संपला होता आणि तोवर तेही गेले होते. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांनी ताईला विचारलं होतं, “माह्या पोराले याचा काही फायदा व्हईन का, बाई?” ताई म्हणाली होती, “तुमच्या नाई तं कोणाच्या तरी पोराले व्हईन, काकाजी.” ते म्हणाले, “मंग घ्या.” आमच्या तक्त्यात त्यांच्यासमोरची रांग कोरी आहे.

आता मूळ गोष्टीशी येते. इतका वेळ तिच्याभोवती फिरतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सही झाली त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारख्या एकाच गाडीवर घरी आलो. ताई गाडी चालवत होती, मी मागे. घरी आल्यावर मेथीची जुडी घेऊन निवडायला बसली. मीही बसले. निम्मी जुडी झाल्यावर, मान वर न करता, ती म्हणाली:

“तुह्या मुलाखतीतलं सारं खोटं पडलं ना वं, माह्यापायी? एवढं चांगलं बोल्ली होती तू. मले माफ करजो, मीनू.”

आणि मी — मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. समोर तीच होती, दुसरं कोणी नव्हतं. मॅडम नव्हत्या, समिती नव्हती, वही नव्हती. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणाले, “जाऊ दे ताई. चूक कुणाच्याही हातून होते.”

मी तिला माफ केलं.

तिने पदराने डोळे पुसले आणि हसली. “भल्ली मोठी झाली वं तू,” म्हणाली. रात्री जेवताना माझ्या भाकरीवर तिने दोनदा तूप घातलं. मी जेवले. पोटभर जेवले.

खोलीत परत जाणं, फोन, मोजे, गप्प बसणं, मुलाखतीतली सात मिनिटं — यातल्या प्रत्येकाला काही ना काही कारण देता येतं, आणि मी ती कारणं स्वतःला दिलेली आहेत. त्या माफीला नाही देता येत. ती कुणी मागितली म्हणून मी दिली. पण द्यायला ती माझ्याकडे होतीच कुठे? आणि तिने ती किती आनंदाने घेतली! पुढे कितीदा तरी लोकांना सांगताना मी तिला ऐकलंय — “आमच्या मीनूचं मन मोठं. माह्यापायी तिचं एवढं नुकसान झालं, पण एका शब्दानं बोल्ली नाई.”

एप्रिलच्या शेवटी ताईचा करार संपला. नवा झाला नाही. जूनमध्ये मी संशोधन सहयोगी म्हणून रुजू झाले. रुजू होण्याच्या दिवशी माझा डबा तिनेच भरला.

सध्या ती एका खासगी पॅथॉलॉजीसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला स्कूटी काढते. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा तिला बरोबर सापडतात. काही घरं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. एक आजोबा सुई टोचायच्या आधी तिला शिव्या देतात आणि नंतर चहा पाजतात, असं ती सांगते. मी लग्न होऊन स्टेशनजवळ राहायला गेले. दर रविवारी तिच्याकडे जेवायला असते.

गेल्या वर्षी एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची कायम जागा निघाली. वयाच्या अटीप्रमाणे ताईला अर्ज करता येण्याची ती शेवटची वेळ होती. शिक्षण बसत होतं. अनुभव हवा त्याहून जास्त होता. ती भरलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आली.

“तू पेपरवाली. एकदा नजर टाकून देजो.”

मी वाचला. ‘पूर्वीची नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात तिने लिहिलं होतं: माझ्या हातून चार नमुने खराब झाले.

मी म्हणाले, “ताई, इथे नुसतं ‘करार संपला’ लिही. तेही खरंच आहे.”

“खोटं नाई, पण लपवल्यासारखं होते ना ते,” ती म्हणाली. “मॅडमले फोन करून विचारलं त्याइनं, तं? अन् झालं ते झालं. आपल्या हातून झालं तं सांगा लागते.”

मी हो म्हणाले. जन्मतारखेतला एक आकडा पुसट होता, तो तिला ठळक करायला सांगितला. तिने केला, खाली सही केली, आणि आम्ही दोघी जाऊन अर्ज देऊन आलो. परत येताना तिने उसाचा रस पाजला.

सप्टेंबरमध्ये मुलाखतीला बोलावलेल्यांची यादी लागली. मी ती दोनदा वाचली. त्यात रजनीताईचं नाव नव्हतं.